उजवं पान

"'शेपूट' म्हणून झालं की थांबायचं," गुरमे सर म्हणाले. "मनात एक-दोन मोजायचं. लोकांना हसू द्यायचं. हसणं ओसरायच्या आत पुढचं वाक्य. हं, म्हण."

मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, माझ्या पणजोबांना धोतर होतं, पागोटं होतं, भरघोस मिशा होत्या. पण शेपूट..." एक. दोन. "...शेपूट काही नव्हतं!"

"वा गं वाघिणी! करंडक आलाच म्हणून समज."

शाळा सुटली होती. दहावी 'ब'च्या रिकाम्या वर्गात आम्ही दोघंच होतो. सर टेबलावर एक पाय सोडून बसले होते आणि मी फळ्यासमोर उभी होते, हात कुठं उचलायचा, कुठं खाली आणायचा हे शिकत. सतरा वर्षं झाली या गोष्टीला. गुरमे सर हे नाव निघालं की माझे कान अजून तापतात.

आमच्या संस्थेच्या सहा शाळा होत्या. दर डिसेंबरात संस्थापक दिनाला त्यांची वादविवाद स्पर्धा व्हायची. प्रत्येक शाळेची एक जोडी, एक जण विषयाच्या बाजूनं बोलणार, एक जण विरुद्ध, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक. भाषणं मुलं लिहीत नसत. मराठीचे सर लिहीत. दोन्ही बाजूंची, एकाच हातानं, एकाच पेनानं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. मी सहावीपासून बोलत होते, आणि सहावीपासून जे बोलत होते ते सगळं गुरमे सरांचं होतं.

बाजू दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरायची. त्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. विषय वरून आला होता, संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब पळसकर यांच्याकडून: 'उत्क्रांती ही निव्वळ थिअरी आहे.' सरांनी मला अनुकूल बाजू दिली आणि पाच पानं दिली. माझा जोडीदार रेवण, त्याला प्रतिकूल बाजू दिली आणि दीड पान दिलं.

"दीडच का, सर?" रेवणनं विचारलं होतं.

"तुझं पाठांतर कच्चं आहे बाबा," सर म्हणाले. "उगं लोड नको."

त्याच दिवशी पाण्याच्या टाकीजवळ रेवणनं मला गाठलं. "वृषे, ही स्पर्धा नाही."

"मग काय आहे?"

"नानासाहेबांचा नातू सातवीत हाय ना? त्यानं घरी जाऊन आजोबाला सांगितलं, म्हणे आपण माकडाचे चुलतभाऊ आहोत, रणपिसे बाईंनी शिकवलंय. तवापासून पेटलंय. माझा मामा संस्थेच्या हापिसात शिपाई आहे, त्यानं कानानं ऐकलंय. जूनमध्ये बाईंची तीन वर्षं भरायलीत. कायम करायचं का घरी बसवायचं, नानासाहेबांच्या सहीवर आहे. तिथं सगळे पालक बसवून बाईंच्या तोंडावर..."

"तुला काय करायचं? पाठ कर आधी आपलं दीड पान," मी म्हणाले.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते.

हेमलता रणपिसे बाई कोल्हापूरकडच्या होत्या. शिक्षणसेवक म्हणून आमच्या त्या धुळीच्या तालुक्यात आल्या होत्या, नवरा पुण्याकडं एका कारखान्यात. सोबत लेक मिनू, त्या वर्षी अडीच वर्षांची. सांभाळायला कुणी नाही म्हणून मिनू शाळेतच असायची, प्रयोगशाळेच्या टेबलाखाली, परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड घेऊन. त्या स्टँडला ती 'गाडी' म्हणायची. मिनू रडायला लागली की बाई तिला कडेवर घेऊन तसंच शिकवायच्या, एका हातानं आकृती काढत. आज माझी शर्वा कडेवर असताना मी एका हातानं कणीक मळते तेव्हा मला त्या आकृत्या आठवतात. एकही रेष वाकडी नसायची.

बाईंची एक वही होती. दोनशे पानी, लांबडी, तपकिरी पुठ्ठ्याची. कव्हरावर बाईंनी लिहिलं होतं: 'माहीत नाही'. वर्गात कुणी असं काही विचारलं की ज्याचं उत्तर बाईंना येत नाही, तर त्या सरळ म्हणायच्या, "मला माहीत नाही. वृषाली, लिही." माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडं. डाव्या पानावर प्रश्नाचा क्रमांक, प्रश्न, तारीख, विचारणाऱ्याचं नाव. उजव्या पानावर तीन ओळींची जागा आखलेली: 'वाटतं काय', 'हे खोटं कधी ठरेल', आणि खाली बरीच मोकळी जागा सोडून, 'दिसलं काय'.

पहिल्या दोन ओळी भरल्याशिवाय तिसरी लिहायची नाही, हा बाईंचा नियम. तारखेसकट. आधी बघून मग अंदाज लिहिला तर बाई पान फाडायला लावायच्या.

एकोणिसावा प्रश्न रेवणचा होता. "आमच्या बैलाला गोचीड झाले की आबा पावडर लावतात. आधी सगळे मरायचे. आता मरतच नाहीत. पावडर तीच, दुकान तेच. असं का?"

"पावडरीत भेसळ," मागून कुणीतरी ओरडलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "कसं कळेल?"

दोन दिवस त्यावर वाद चालला. मग उजव्या पानावर माझ्या हातानं लिहिलं गेलं. वाटतं काय: 'पावडर तीच आहे, गोचीड बदलले. पावडरीतूनही जे थोडे वाचले त्यांचीच पिल्लं झाली, ती पिल्लंही तशीच चिवट.' हे खोटं कधी ठरेल: 'जिथं कधीच पावडर वापरली नाही तिथले गोचीडही याच पावडरीनं मेले नाहीत, तर.'

मग रेवणनं त्याच्या गोठ्यातले बारा गोचीड आणले आणि माळावरच्या धनगरवस्तीवरून, जिथं पावडर ठाऊकच नव्हती, तिथले बारा. लोणच्याच्या दोन बरण्या. दोन्हींत एकाच डब्यातली, चमच्यानं मोजून घेतलेली पावडर. बाईंनी मिनूला बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि आम्हाला तोंडाला रुमाल बांधायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी धनगरवस्तीचे अकरा मेले होते. रेवणच्या गोठ्यातले तीन.

रेवण बरणीकडं बघत राहिला. "बाई, म्हणजे आमच्या गोठ्यातच..."

"तुमच्या गोठ्यातच," बाई म्हणाल्या. आणि इतक्या हसल्या की मिनू आत धावत आली.

तेव्हा गुरमे सर दारात उभे होते. "काय चाललंय बाई, गोचिडांची परीक्षा? चालू द्या, चालू द्या. पण राग मानू नका, शेवटी उत्क्रांती ही थिअरीच ना? पक्कं असतं तर लोकांनी थिअरी कशाला म्हटलं असतं?"

"सर, रोग जंतूंमुळं होतात हीसुद्धा थिअरीच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही पावसाळ्यात पाणी उकळून पिता ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"त्यात आमच्या पणजोबाला कुणी काही म्हणत नाही!" सर हसले. मुलंही हसली.

बाई हसल्या नाहीत. "अंदाज तर ज्योतिषीही सांगतो, सर. पण मी चुकलो हे कशावरून ओळखायचं, ते तो आधी लिहून देतो का? ही पोरं देतात. दिलेलं लिहून, आणि त्यावर टिकलेलं, आणि पुन्हा पुन्हा टिकलेलं, त्याला थिअरी म्हणतात. मनाला आलं ते नव्हे."

सर निघून गेले. पंधरा दिवसांनी माझ्या पाच पानांत दुसऱ्याच पानावर ओळ होती: 'थिअरी म्हणजे काय? थिअरी म्हणजे मनाला आलं ते!'

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी भाषण बाईंना दाखवायला नेलं. का नेलं? शाबासकी हवी होती. ज्या माणसाच्या विरोधात बोलायचं त्याच्याकडूनच शाबासकी हवी, एवढी माझी हाव. बाईंनी पाचही पानं वाचली. शेपूट आलं तिथं थोडं हसल्याही.

"बोलशील छान तू. आवाज आहे तुझ्याकडं." त्यांनी पानं परत दिली. "पण वृषाली, यात तुझं एक तरी वाक्य आहे का गं?"

वाईट बोलल्या नाहीत त्या. मिनूच्या केसांचा गुंता सोडवत, तिच्याकडंच बघत बोलल्या. पण मला चपराक बसल्यासारखं झालं. चार वर्षं मी करंडक आणत होते. पेपरात फोटो. आणि ही बाई मला म्हणते, यात तुझं काय?

घरी जाईपर्यंत मी धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला होता. पहिल्या रांगेत पालक, संचालक. बाजूला सहाही शाळांचे शिक्षक. बाई कडेच्या खुर्चीवर, मांडीवर मिनू. नानासाहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आपल्याकडं मत्स्य, कूर्म, वराह, हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. आम्हाला कुणी परक्यानं उत्क्रांती शिकवू नये." आणि पुढच्याच दमात, "आणि माणूस माकडापासून झाला हे तर धादांत खोटं आहे! आमच्या घराण्याची बावीस पिढ्यांची वंशावळ भाटाकडं आहे. त्यात एक माकड दाखवा."

मंडप हसला. कुणाच्याही लक्षात आलं नाही की या दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नाही. माझ्या आलं. मी हसले मात्र सगळ्यांबरोबर.

रेवण आधी बोलला. दीड पान, मान खाली. 'शास्त्रज्ञांचे असे मत आहे' हे वाक्य सरांनी त्याला चार वेळा दिलं होतं. चौथ्या वेळी लोक आपापसांत बोलायला लागले.

मग मी. पणजोबा, धोतर, शेपूट, एक, दोन. मंडप फुटला. नानासाहेब रुमालानं डोळे पुसत होते. चार मिनिटांची इशाऱ्याची घंटा झाली. शेवटचं मिनिट उरलं होतं.

मी पायाशी ठेवलेल्या दप्तरातून वही काढली आणि वर धरली.

"अध्यक्ष महाराज, ही वही आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली. नाव वाचते. 'माहीत नाही'!"

हशा.

"यात त्र्याहत्तर प्रश्न आहेत. आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलेले. आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: मला माहीत नाही! पहिला जीव कुठून आला? माहीत नाही! माणसाच्या अंगावरचे केस का गेले? माहीत नाही! अहो, गोचीड पावडरीनं का मरत नाहीत? तेही माहीत नाही! ज्यांना गोचिडाचं माहीत नाही, ते आम्हाला माणसाचं सांगणार?"

मी वही दोन्ही हातांत उघडून धरली होती. डावं पान लोकांकडं. उजव्या पानावर माझा पंजा.

"उजवं पान दाखव!"

रेवण उभा राहिला होता. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा रेवण. "वृषे, उजवं पान वाच ना! आपणच केलंय ते! बारातले अकरा..."

"खाली बस!" गुरमे सर धावले. "मध्ये बोलायचं नाही. पाच गुण वजा!"

"करा वजा! पान वाचा म्हणा तिला!"

दोघांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. नानासाहेबांनी हात वर केला. ते बाईंकडं वळले. "काय हो बाई, वही तुमचीच ना?"

"हो."

"हे प्रश्न खरे?"

"खरे."

"मग उत्तरं?"

बाई उठल्या. मिनू त्यांच्या खांद्यावर. त्यांनी नानासाहेबांना उत्तर दिलं नाही. माझ्याकडं बघितलं. "वृषालीलाच विचारा. वही तिच्या अक्षरात आहे."

मला आज कळतं की त्यांनी माझ्या हातात काय दिलं होतं. त्यांच्यावर सगळा मंडप हसत असताना त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला होता.

"काय गं पोरी," नानासाहेब म्हणाले, "उजव्या पानावर काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "रफ आहे, सर."

टाळ्या. इतक्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या. सगळे वाजवतायत म्हणून बाईंच्या खांद्यावरून मिनूनंही वाजवल्या.

पाच गुण जाऊनही करंडक आमचाच आला.

बाईंना कायम केलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. एप्रिलच्या शेवटी मी प्रयोगशाळेत गेले. बाई लोणच्याच्या बरण्या धूत होत्या. मी दारातच रडायला लागले.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "तुझ्या रडण्यानं माझी नोकरी येत नाही, आणि मला मिनूला घेऊन परत कुणाच्या तरी दारात उभं राहायचंय. आत ये नाही तर जा."

मी आत गेले. "बाई, गुरमे सरांनी..."

"त्यांचं नाव घेऊ नको. त्यांचा मला राग नाही. त्यांना काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. नानासाहेबांचंही तेच. असली माणसं मी जागोजाग बघणार आहे." त्यांनी बरणी ओट्यावर आपटून ठेवली. "पण तुला माहीत होतं. तू लिहिलं होतंस. तुझ्यासमोर मेले ते गोचीड. त्यांनी मला खोटं ठरवलं असतं तर मी त्या मंडपात माफी मागितली असती, वृषाली, त्यासाठीच तर दुसरी ओळ आखली होती. तू मला खोटं ठरवलं नाहीस. तू पान झाकलंस."

मिनू टेबलाखालून विचारत होती, "गाडी न्यायची?"

"नाही गं, ती शाळेची आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या एका वाक्याला त्यांचा आवाज फुटला.

मग त्यांनी कपाटातून वही काढून माझ्या हातात दिली. "ही तू ने. अक्षर तुझं आहे."

घरी येऊन मी वही उघडली. शेवटी एक नवी नोंद होती, डाव्या पानावर, बाईंच्या अक्षरात. 'प्रश्न ७४. वृषालीनं उजवं पान का झाकलं? विचारणारी: हे. रणपिसे.' खाली तारीख, स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाची. उजवीकडं तीन ओळी आखलेल्या. कोऱ्या.

त्या कोऱ्याच राहिल्या. लग्नात माझ्यासोबत आल्या, तीन घरं फिरल्या. बाई कुठं आहेत हे मी शोधलं नाही. मिनू आता एकोणीस-वीस वर्षांची असेल. रेवण आमच्याच तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. रस्त्यात भेटला तर मान हलवतो, थांबत नाही.

आज दुपारी शर्वानं कपाटातून वही ओढून काढली. हातात खडू. "आई, हे पान रिकामं आहे. इथं मासा काढू?"

मी तिच्यावर ओरडले. असं कधी ओरडत नाही मी. चार वर्षांचं लेकरू, घाबरून दोन पावलं मागं सरकलं. "का नाही काढायचा?" तिनं विचारलं.

"नाही म्हटलं ना!"

"पण का?"

मुसमुसत झोपली ती. माझ्याच मांडीवर, खडू मुठीत तसाच. तिची मूठ सोडवली, तिला अलगद खाली ठेवलं, आणि वही घेऊन बसले. ती उठेपर्यंतचा वेळ माझा.

सतरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. नवऱ्याला सांगितलंय, मैत्रिणींना सांगितलंय. पण बाईंचा नियम नियम आहे, म्हणून ओळीनं लिहिलं. तारखेसकट.

वाटतं काय: 'मी पंधरा वर्षांची होते. गुरमे सरांनी लिहून दिलं तेच बोलले.'

हे खोटं कधी ठरेल: 'सरांनी लिहून दिलेल्या भाषणात वही नसेल, तर.'

सरांची पाच पानं वहीच्या मागच्या कव्हरात अजून आहेत, घडी पडलेली, पिवळी. तेव्हापासून मी ती उघडली नव्हती. आज उघडली. सावकाश वाचली. परत दोनदा वाचली. धोतर आहे, पागोटं आहे, मिशा आहेत, शेपूट आहे. थिअरी म्हणजे मनाला आलं ते, हेही आहे.

आत शर्वा कूस बदलतेय. उठेल आता.

दिसलं काय: 'पाचही पानं तीनदा पाहिली. वही कुठंच नाही. भाषणात माझं म्हणून तेवढंच एक आहे.'